निरभ्र दुपारचा आकडा

पुण्यात हवा मोजणारी यंत्रं सांभाळायची, ही माझी नोकरी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी फोन आला, "हडपसरच्या पुढच्या शाळेवरचा ओझोन चुकतोय बहुतेक, जाऊन बघा." तिथे आकडा दिसत होता ८१ पीपीबी, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत ओझोनचे ८१ भाग, आणि त्याच वेळी शहरातल्या एका गजबजलेल्या चौकात २९. गाड्यांची रांग चौकात आणि ओझोन मात्र शेतालगतच्या शाळेत! यंत्र बिघडलं असेल असंच कुणालाही वाटलं असतं. मलाही वाटलं.

गच्चीवर चढले तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. आभाळ निळंशार, वारा पडलेला, दिवे घाटाचे डोंगर अगदी स्पष्ट दिसत होते. खाली सुट्टीचा मोका साधून खिडक्यांच्या ग्रीलला ऑइलपेंट चाललेला आणि थिनरचा वास थेट गच्चीपर्यंत. तिथेच मला शंका आली. आमचं यंत्र हवेतून अतिनील प्रकाश सोडतं. ओझोन तो शोषतो, आणि किती शोषला गेला त्यावरून आकडा निघतो. पण थिनरमधल्या टोल्युइनसारख्या वाफाही तो प्रकाश थोडाफार शोषतात. म्हणजे यंत्र रंगाच्या वासालाच फसत असेल तर?

रंगाऱ्याला म्हटलं, "दादा, अर्धा तास डबे झाकून ठेवता का?" "मग जेवूनच घेतो," म्हणाला आणि झाकणं ठोकून बसवली. मी फिल्टर बदलला. जुना चकतीएवढा पांढरा फिल्टर राखेसारखा करडा झाला होता. मग ओझोन नसलेली हवा देऊन शून्य तपासलं, ते बरोबर आलं. ओझोनचा सिलिंडर मिळत नाही, साठवला की तो विरून जातो. त्यामुळे तपासणीपुरता ओझोन आम्ही जागेवरच तयार करतो. १०० पीपीबी दिला, यंत्राने ९८ दाखवला. वास एव्हाना गेला होता. नळी पुन्हा बाहेरच्या हवेला जोडली आणि आकडा खाली यायची वाट बघत बसले. अडीच वाजता तो ८८ झाला.

यंत्र खरं बोलत होतं.

ओझोन कुठल्या धुराड्यातून निघत नाही, तो उन्हात शिजतो. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, थिनर यांच्या वाफा ही त्याची सामग्री. चौकातला ताजा धूर जवळचा ओझोन खाऊन टाकतो, म्हणून तिथे २९. तीच हवा पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर हळूहळू पूर्वेकडे सरकते, वाटेत तापते, आणि सकाळी शहराने सोडलेला धूर दुपारी ओझोन होऊन इथे पोचतो. आपल्याकडची आठ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ५० पीपीबी. त्या दिवशी ती ओलांडली जाणार हे उघड होतं.

सामान आवरून खाली उतरले तर मैदानात चाळीसेक मुलं. खो-खोचं उन्हाळी शिबिर, चार ते सहा. सर मैदानावर पाणी मारत होते. त्यांच्या गळ्यात शिट्टी आणि खिशातून डोकावणारा दम्याचा निळा पंप. "सातवीतल्या एका मुलीचा आहे," ते म्हणाले. "चार दिवसांत तीनदा लागला. धुळीने होतं म्हणून रोज पाणी मारतोय."

मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "मॅडम, ओझोन तर चांगला ना? पुस्तकात आहे, तो आपलं रक्षण करतो."

"तो वीस-पंचवीस किलोमीटर वरचा, सर. हाच वायू श्वासात गेला की श्वासनलिकेला चटका देतो. पळताना आपण जास्त हवा ओढतो, म्हणून जास्त."

"मग रुमाल बांधायला सांगू?"

"वायू आहे तो. रुमालातून जातो."

त्या मुलीला ओझोननेच त्रास झाला असं मी म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. पण दम्याच्या मुलांना असे दिवस जड जातात हे पक्कं ठाऊक आहे. सरांनी क्षणभर पंपाकडे बघितलं आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना वर्गात नेलं. खिडक्या लावून फळ्यावर खेळाचे नियम घेतले. सगळ्या पालकांना निरोप गेला, उद्यापासून सकाळी साडेसहा.

रंगाऱ्यालाही म्हटलं, उरलेलं काम ऊन उतरल्यावर करा. "उन्हात लवकर वाळतो," तो म्हणाला. वाळतो म्हणजे त्यातल्या वाफा उडतात, आणि त्याच तर उन्हाला हव्या असतात. तरी त्याने ऐकलं. चार डबे झाकल्याने पुण्याचा ओझोन उतरत नाही हे मला कळतं. तो उतरायला अख्ख्या शहराने आदल्या दिवशी ठरवावं लागेल. अमेरिकेत कित्येक शहरांत असा दिवस येणार असला की आधीच जाहीर करतात: गाडी कमी काढा, पेट्रोल संध्याकाळी भरा, रंगकाम पुढे ढकला. १९९६च्या ऑलिंपिकमध्ये अटलांटाने सकाळची वाहतूक घटवली तेव्हा ओझोन २८ टक्क्यांच्या आसपास उतरला होता. त्यात हवामानाचाही हात होता असं नंतरच्या अभ्यासात दिसलं, म्हणून त्या एका आकड्यावर मी विसंबत नाही. पण आदल्या दिवशी सांगणं तरी आपल्याला का जमू नये? वारा पडलेला, आभाळ निरभ्र, पारा चाळिशीकडे: उद्याचा अंदाज बांधायला एवढंही बरंच असतं. आकडे आमच्याकडे रोज येतात आणि मैदानातल्या सरांपर्यंत पोचत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी मोबाइलवर त्या शाळेचा आकडा उघडला. १३. लगेच सरांना फोन लावला. पलीकडून आधी मुलांचा गलका ऐकू आला, मग त्यांचा आवाज: "पळतेय ती. पंप माझ्याकडेच आहे."