भूमिपूजन झालं, आता बसचा थांबा कुठं ते सांगा

झालं एकदाचं. आमच्या मेडिकल कॉलेजच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन झालं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, सरकारी नोकरी आहे. जिल्ह्याचं गाव आहे, काळी माती आहे आणि कॉलेज सध्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये भरतं एवढ्यावर भागवा. मी अ‍ॅनाटॉमी, म्हणजे शरीररचना शिकवते. म्हणजे पहिल्या वर्षाची पोरं सगळ्यात आधी माझ्या तावडीत सापडतात.

कार्यक्रम जसा असतो तसाच झाला. मंडप, फ्लेक्स, गुरुजी, नारळ, कोनशिला, कुदळ मारताना फोटो, मग फोटो नीट आला नाही म्हणून परत कुदळ. स्टेजच्या मागं इमारतीचा थ्रीडी व्ह्यू लावला होता, काचेकाचेची बिल्डिंग, पुढं हिरवळ, त्यावर छत्री घेऊन चालणारी कोणीतरी गोरी बाई. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि हे लोक पश्चिमेला अख्खी काच लावणार आहेत. मी शेजारच्या फार्माकोलॉजीच्या मॅडमना म्हटलं, एसीचं बिल कोण भरणार, त्या म्हणाल्या आधी एसी तर बसू दे.

पण काच हा माझा मुद्दा नाही. मुद्दा जागेचा आहे. ही जागा गावाबाहेर आहे, बायपास ओलांडून पुढं, आजूबाजूला कपाशी आणि एक विटभट्टी. हे फक्त आमच्याच कॉलेजचं नाही हो, राज्यात नवीन सरकारी मेडिकल कॉलेजसाठी जागा शोधायची म्हटलं की हीच गत दिसते. गावात जागा नसते, असली तर भूसंपादन आलं, कोर्ट आलं, मग कुठलंतरी गायरान नाहीतर सरकारी पडीक जमीन निघते. जुन्या एमसीआयच्या, म्हणजे मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या काळात वीस एकर सलग जागा लागायची, त्यामुळं सगळ्यांच्या डोक्यात एकरच बसलेत. जागा किती एकर हे पहिल्या भाषणातच कळतं, पेशंट तिथं कसा येणार हे शेवटच्या भाषणापर्यंत कळत नाही.

मुंबईचं जेजे बघा. जमशेटजी जीजीभॉयांनी हॉस्पिटलसाठी एक लाख रुपये दिले, त्या काळातले एक लाख, 1843 साली पाया घातला आणि 1845 मध्ये शेजारीच ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. भायखळ्याला. किल्ल्यातल्या साहेबलोकांच्या वस्तीत नाही, तर जिथं देशी माणसं दाटीवाटीनं राहायची त्या भागाच्या कडेला. ज्या गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटचं नाव कॉलेजला आहे तो बिचारा 1838 लाच गेला होता, त्यानं काहीच बघितलं नाही. पण पहिल्याच बॅचमधून भाऊ दाजी लाड बाहेर पडले. पुण्यात ससून 1867 चं, रेल्वे स्टेशनला लागून, म्हणजे गाडीतून उतरलेला माणूस चालत वॉर्डात पोचतो, आजसुद्धा पोचतो. मुंबईतच केईएम हॉस्पिटल आणि त्याचं जीएस मेडिकल कॉलेज परळला, चारी बाजूला गिरण्या आणि चाळी. जीएसला ज्या सुंदरदास कुटुंबानं देणगी दिली त्यांची अट होती की शिकवणारे सगळे भारतीयच पाहिजेत, 1926 च्या आसपास अशी अट घालायला छाती लागते, आणि पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, जे पुढं गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबानं 1894 मध्ये दवाखाना काढला, जंक्शनचं गाव, पार कर्नाटकातून लोक रेल्वेनं यायचे.

म्हणजे पेशंट जिथं होता किंवा जिथं सहज येऊ शकत होता तिथं हॉस्पिटल झालं, आणि हॉस्पिटलच्या कुशीत कॉलेज. आपण आता उलटं करतोय, आधी एकर शोधतो.

यावर आमचे एक सर लगेच म्हणतात की मग सेवाग्रामचं काय, अंबाजोगाईचं काय. बरोबर आहे. सेवाग्रामचं कॉलेज 1969 चं, वर्ध्यापासून आठेक किलोमीटर लांब, खेड्यात. सुशीला नायर यांनी ते मुद्दाम तिथं काढलं. पण तिथं कस्तुरबा दवाखाना आधीपासून चालू होता, लोकांचे पाय त्या वाटेला आधीच लागले होते, आणि पोरांना पहिल्या वर्षीच गावात नेऊन बसवायचं, बॅचनं गाव दत्तक घ्यायचं हे सगळं कॉलेजच्या घडणीतच होतं. अंबाजोगाई तर आशियातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज म्हणून सगळे सांगतात, आणि बीड, लातूर, परभणी कुठूनकुठून लोक येतात तिथं. म्हणजे लांब असणं हा गुन्हा नाही, लांब जागा घेऊन मग लोक कसे येतील याचा विचारच न करणं हा आहे. आमच्या साइटला आज एसटी थांबत नाही. शेअर रिक्षावाला बायपासच्या अलीकडंच उतरवतो. नऊ महिन्यांची बाई तिथून पुढं कशी जाणार?

आणि पेशंट का एवढा महत्त्वाचा, तर नियमातच आहे. एमसीआयच्या जागी आलेल्या एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशन) 2023 च्या निकषांप्रमाणं शंभर सीटच्या कॉलेजला 420 खाटांचं हॉस्पिटल लागतं. खाटा आणता येतात, खाटेवर माणूस लागतो. इन्स्पेक्शनच्या वेळी काही खाजगी कॉलेजांत वॉर्ड कसे भरतात याच्या कथा आपण सगळ्यांनीच ऐकल्यात, सरकारीला ती गरज पडत नाही कारण आमच्याकडं जमिनीवर गाद्या टाकायची वेळ असते. आता हे हॉस्पिटल उद्या गावाबाहेर गेलं आणि जुनं तिथंच अर्धवट चालू राहिलं, तर पोरं एकीकडं आणि पेशंट एकीकडं. रेसिडेंट रात्री दोनला कॉल आला की आठ किलोमीटर बाइक मारणार का? नागपूरच्या एम्सची पहिली बॅच 2018 मध्ये तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या इमारतीत बसली, मिहानमधल्या स्वतःच्या इमारतीचं काम चालू होतं तोवर, ते तात्पुरतं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं की तात्पुरतं आहे. आमच्यासारख्या ठिकाणी तात्पुरतं किती वर्षं चालेल ते कोणी लिहून देत नाही.

9 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांनी एका दिवसात ऑनलाइन दहा कॉलेजांचं उद्घाटन केलं, मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ. बरीचशी जिल्हा रुग्णालयांच्या आधारानं सुरू झाली. मला यात वाईट काही वाटत नाही, खरंच. गडचिरोलीच्या पोरीला एमबीबीएस करायला गडचिरोलीतच सीट असणं ही साधी गोष्ट नाही. बिल्डिंगची वाट बघत बसलो असतो तर अजून एक पिढी नागपूरला गेली असती. फक्त बिल्डिंग जेव्हा होते तेव्हा ती आपल्या हातात असते ना, ती तरी नीट करा.

आता माझ्या खात्याचं. डी-हॉल. प्लॅनमध्ये डिसेक्शन हॉल, म्हणजे पोरं मृतदेहावर शरीर शिकतात ती खोली, दुसऱ्या मजल्यावर दाखवलाय. मी मीटिंगमध्ये विचारलं की सर, बॉडी वर कशी न्यायची, तर उत्तर आलं लिफ्ट आहे ना मॅडम. लिफ्टचं माप काढलं तर स्ट्रेचर तिरकी करावी लागेल. आणि लिफ्ट बंद पडली की आमचे मदतनीस मामा जिन्यानं नेणार? डी-हॉल तळमजल्यावरच पाहिजे, मागच्या बाजूला गाडी थेट लागेल असं दार पाहिजे, शेजारी एम्बाल्मिंगची, म्हणजे मृतदेह टिकवायची प्रक्रिया करायची खोली, टाक्यांची खोली, उताराची फरशी, पाण्याचा निचरा वेगळा. एक्झॉस्ट छताला लावून उपयोग नाही, फॉर्मॅलिनची वाफ टेबलावरून उठून पोरांच्या नाकावरूनच वर जाते, ती खालच्या खाली ओढून घ्यायला पाहिजे. पहिल्या आठवड्यात निम्म्या वर्गाचे डोळे लाल असतात, पालकांना वाटतं पोरगी होमसिक झालीय.

आणि एक खोली पाहिजे जी कुठल्याच प्लॅनमध्ये नसते. देहदानाला घरचे लोक येतात. कॉलेजला मृतदेह मिळण्याचा कायदा 1949 चा आहे, बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट, पण पूर्वी बेवारस मृतदेहांवरच भागायचं, आता लोक स्वतःहून फॉर्म भरून ठेवतात, विशेषतः शिक्षक, रिटायर्ड लोक, जुने चळवळीतले. आजोबांना घेऊन अख्खं घर येतं. कागदपत्रं तपासायची, डेथ सर्टिफिकेट, नातेवाइकांची संमती, सह्या, यात तासभर जातो आणि तेवढा वेळ ती माणसं आमच्याकडं पार्किंगमध्ये मोटरसायकलींच्या मधी उभी असतात. पोरं वर्षाच्या सुरुवातीला शवशपथ घेतात, हात जोडून, हा आपला पहिला गुरू म्हणतात, आणि गुरूच्या बायकोला बसायला खुर्ची नाही. एक साधी खोली, दहा खुर्च्या, पंखा, पाण्याचा माठ, बाजूला संडास. एवढंच. हे मी लेखी दिलंय.

लेखी दिलं तेव्हा बांधकाम खात्याचे एक डेप्युटी इंजिनिअर होते, तरुण, भला माणूस. त्यांनी मला त्यांची बाजू सांगितली, तीही खरीच आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, त्यामुळं मुरूम-कठीण लागेपर्यंत पाया खाली न्यावा लागतो, आणि निम्मा पैसा डोळ्यांना न दिसणाऱ्या कामात जातो. मग वर खर्च वाढला की सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे सुप्रमा, ती मुंबईहून येईपर्यंत काम थांबतं. कात्री कुठं लागते माहितीये का? हॉस्टेलला. क्वार्टर्सला. सिस्टर लोकांच्या पाळणाघराला. पुढच्या काचेला कात्री लागलेली त्यांनीही अजून बघितलेली नाही म्हणे.

एक गोष्ट मात्र मला आवडली आणि ती सांगायला पाहिजे. याच कॅम्पसमध्ये पुढं नर्सिंग आणि फिजिओथेरपीसाठी पण जागा ठेवलीय. 1998 ला नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं, मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओ सगळे एका विद्यापीठात आले, पण ते आले फक्त परीक्षेच्या वेळापत्रकात. इमारती वेगळ्या, कँटीन वेगळी, एकमेकांची तोंडं पहिल्यांदा वॉर्डात बघायची आणि मग भांडायचं की आयव्ही कोण लावणार. एक लायब्ररी आणि एक स्किल लॅब सगळ्यांना कॉमन ठेवली, सीपीआर एकत्र शिकवला, तर इंटर्न होईपर्यंत सिस्टरशी नीट बोलायची सवय लागेल. असं प्लॅनमध्ये लिहिलेलं नाहीये, जागा तेवढी आहे. मी आपलं सुचवून ठेवलंय.

तर सध्याची परिस्थिती अशी की माती परीक्षणाचे बोअर मारून झालेत, आतल्या मांडणीत बदल सुचवायला अजून थोडा वेळ आहे असं ऑफिसातून कळलं. डी-हॉल खाली आणायचं पत्र गेलंय, नातेवाइकांच्या खोलीचं गेलंय, एसटीच्या विभाग नियंत्रकांना थांब्यासाठी डीन सरांच्या सहीनं गेलंय. फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीवाल्यांचं अजून आलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी हे वाचत असाल तर कृपा करा आणि या आठवड्यात द्या, नंतर माझ्या केबिनमध्ये येऊन सिंक कुठं बसवलं म्हणून ओरडू नका.