झटका खुर्चीचा, नाव माझं

चिनूने आज माझ्या हातातून वही घेतली नाही. "टेबलावर ठेव ना मामा," म्हणाली. मी ठेवली, तिने उचलली आणि गेली. एवढंच झालं. आता साडेअकरा वाजून गेलेत आणि मी अजून तेच घेऊन बसलोय.

परवा चिनूला माझ्या हातून बसलेला विजेचा झटका खुर्चीचा होता. प्लॅस्टिकच्या बैठकीवरून उठलं की अंगावर विजेचा भार राहतो आणि खुर्चीपासून दूर होता होता अंगाचं व्होल्टेज चढत जातं. हवा कोरडी, अंगात सिंथेटिक शर्ट, पुढ्यात चिनूचं बोट. याला माझं टेबल लागत नाही की भार साठवायची ती फॉइल गुंडाळलेली बाटली लागत नाही. ज्याने आयुष्यात बॅटरीचा सेल बदलला नाही त्याच्याकडूनही हे होतं. पण ताईने कोपऱ्यातल्या माझ्या पसाऱ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हिशेबही करून झाला. ठिणगी फार तर तीन मिलिमीटरची. हवा मिलिमीटरमागे साधारण 3,000 व्होल्टला फुटते, म्हणजे दहा हजार धरू. माणसाचं अंग म्हणजे सुमारे 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर, भार साठवणारा. ठिणगीतली ऊर्जा येते 5 मिलिज्यूल, म्हणजे काहीच नाही. हे ताईला सांगायला गेलो तर तिला 'दहा हजार' तेवढं ऐकू येणार.

आणि ही तीच मुलगी! सुट्टीत इलेक्ट्रोफोरसच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा ठिणगी देणाऱ्या साधनाच्या, ताटलीपुढे बोट धरून "अजून एक, अजून एक" करत होती. ताटली अ‍ॅक्रिलिकवर टेकवायची, क्षणभर बोट लावायचं, दांड्याला धरून उचलायची की पुढची ठिणगी तयार. घासल्याने खाली आलेला भार खर्चच होत नाही, आपल्या उचलण्याच्या कष्टातून ठिणगी निघते. माझा हात दुखायला लागला तरी तिचं बोट मागे जात नव्हतं. त्या ठिणग्या काही परवाच्यापेक्षा लहान नव्हत्या. म्हणजे दुखण्याचा प्रश्न नाही. मागून घेतलेली ठिणगी आणि न मागता बसलेली, एवढाच फरक असेल? असेल. पण मग आज माझ्या हातात ठिणगी नव्हती, वही होती.

दादानेही परवा फोनवर विचारलं, "अजून तेच चालू आहे का तुझं?" ते जाऊ दे.

लायडनच्या मूशेनब्रुक या शास्त्रज्ञाला 1746 साली विजेने भारलेल्या बाटलीतल्या पाण्याने असा दणका दिला, की फ्रान्सचं राज्य दिलं तरी पुन्हा हे करणार नाही, असं त्याने पॅरिसला पत्रात कळवलं. त्याच वर्षी फ्रान्सच्याच राजापुढे नोले या शास्त्रज्ञाने 180 शिपाई हातात हात धरून उभे केले आणि अशाच एका बाटलीच्या झटक्याने सगळ्यांना एकदम उसळवलं. राजाची करमणूक झाली म्हणतात. मला मात्र आज त्या शिपायांचा हेवा वाटतोय. मधल्या कुणी हात सोडला की साखळी तुटली, म्हणून झटका बसणार हे ठाऊक असूनही शेजाऱ्याचा हात धरून ठेवायचा. आणि इथे साधी वही कुणी घेत नाही.

हे वाक्य लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. कारण बाटली भरलेली असताना मी स्वतः कसा उभा असतो? डावा हात खिशात. प्रवाह एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडू नये, म्हणून हा या छंदातला पहिला धडा. काम झालं की बाटलीची दोन टोकं तारेने जोडून ठेवतो, कारण रिकामी केलेली बाटलीसुद्धा काचेत मुरलेल्या भाराने थोड्या वेळात पुन्हा टोचू शकते. दाराच्या मुठीला आधी किल्ली टेकवतो, मग बोट. ठिणगी किल्लीवर पडते आणि तळव्याला कळतही नाही. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरच्या तर वाटेलाच जात नाही. तिथे व्होल्ट कमी असले तरी प्रवाह जीव घेण्याइतका असतो. थोडक्यात, या घरात सगळ्यात जास्त वेळा हात मागे घेणारा माणूस मीच. त्यावरून बाटली काही रात्र रात्र जागत बसत नाही.

चिनू दोन दिवसांत विसरेल किंवा नाही विसरणार. ताईचं माहीत नाही.

त्या खुर्चीतून मात्र उद्यापासून तिची लोखंडी चौकट धरून उठणार. हात धातूवर असला की भार उठता उठताच निघून जातो. ताईला वाटेल, याचे गुडघे गेले. वाटू दे.