तीनचाकी बुलेटसाठी बंद ट्रेलर, आणि फॉर्म २२

फॉर्म २२ म्हणजे एका पानाचा कागद. ही गाडी नियमाप्रमाणे बनवली आहे आणि रस्त्यावर चालवायला योग्य आहे, असं गाडी बनवणाऱ्याने लिहून द्यायचं, खाली सही-शिक्का. ह्या एका पानासाठी माझा नवाकोरा ट्रेलर सांगलीच्या गावभागातल्या बोळात बिननंबरचा उभा होता, आणि येणारा-जाणारा विचारायचा, "आप्पा, वडापावची गाडी टाकताय काय?"

आधी हे सगळं कशासाठी ते सांगतो. लहानपणच्या पोलिओमुळे माझ्या उजव्या पायात जोर नाही. बुलेट ३५० ला मागे दोन चाकं बसवून घेतलीत, मागचा ब्रेक हातावर घेतलाय, आरसीवर तशी रीतसर नोंद आहे. गाडी झकास पळते, पण तिला ठेवायचं कुठं हा प्रश्न. वाड्याच्या उंबऱ्यातून ती आत येत नाही. बाहेर ठेवली तर ताडपत्रीखाली उंदीर वायरी कुरतडतात. आणि कृष्णा आहेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, त्यात माझी आधीची तीनचाकी स्कूटर चिखलात गेली. २०२१ ला पुन्हा पळापळ. पूर यायच्या दिवशी सांगलीत टेम्पो मिळणं म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. टेम्पो मिळाला तरी दुचाकी एका फळीवरून वर चढते. आपल्याला एक फळी मधे, दोन बाजूंना, आणि तिन्ही एका पातळीत हव्यात. चार माणसं धरायला लागतात आणि त्यातलं एक हमखास फोनवर बोलत असतं.

म्हणून ठरवलं की बंद ट्रेलरच घ्यायचा. एरवी तोच गॅरेज, पाणी चढायला लागलं की पुतण्याची बोलेरो जोडायची आणि विश्रामबागेकडे सुटायचं. शिवाय हिवाळ्यात आंबा घाटापर्यंत गाडी ओढत न्यायची आणि पुढे रत्नागिरीकडे चालवत उतरायचं, ही हौस. हायवेवर तासन्‌तास बसणं आता माझ्या कमरेला झेपत नाही.

निवड करताना मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो टेपचा. माहितीपत्रकात लिहितात ती 'आतली रुंदी' म्हणजे पत्र्यापासून पत्र्यापर्यंत. तुमची गाडी जाते दरवाजाच्या चौकटीतून, आणि चौकट दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच खाते. आत गेल्यावर ट्रेलरच्या चाकांवरचे पत्र्याचे फुगवटे आणखी खातात, कारण ट्राइकची, म्हणजे अशा तीनचाकी गाडीची, मागची चाकं नेमकी त्याच भागातून सरकतात. माझी गाडी मागे ५० इंच रुंद. एक ट्रेलर कागदावर ६० इंचांचा होता, चौकटीत मोजला तर ५६, फुगवट्यांमधे ५२. बाजूला एकेक इंच! आत गेली असती, पण पट्टे बांधायला हात कुठून घालायचा? आणि माणूस खाली कसा उतरणार? ट्राइक आत चालवत नेली की तुम्ही भिंती आणि गाडी यांच्यामधे अडकता. माझ्यासारख्याला तर वाकून मागून बाहेर येणं शक्यच नाही. म्हणून दोन गोष्टी आधीच ठरवल्या: बाजूला माणसाच्या उंचीचा दरवाजा, सीटच्या बरोबर समोर येईल असा, आणि पुढच्या टोकाला हाताने फिरवायची विंच. आता गाडी आत घेताना मी तिच्यावर बसतच नाही. हूक लावतो, बाजूच्या दारातून दांडा फिरवतो, गाडी आपोआप आत.

मागचं दार खाली पडून त्याचाच उतार होतो, तसंच घ्या. दोन पाखांचं दार दिसायला छान, पण मग उतारासाठी फळ्या वेगळ्या, म्हणजे परत तेच. फक्त दाराची लांबी बघा. जमिनीपासून ट्रेलरचा तळ १८ इंचांवर आणि दार पाच फूट असेल तर चढ बऱ्यापैकी उभा होतो, आणि दार जिथे तळाला मिळतं तिथे गाडीचं पोट घासतं. मी तिथे सागाची एक चपटी पाचर ठेवतो.

आमच्याकडे कुपवाड एमआयडीसीत ट्रॉली बनवणारे पुष्कळ आहेत, काम मजबूत करतात. पण मोटारीमागे जोडायच्या बंद ट्रेलरला नमुना तपासून मिळालेली मान्यता लागते, आणि ती ज्याच्याकडे आहे अशाकडूनच घ्यावा, नाहीतर नोंदणीला अडतं, असं मला जाणकारांनी सांगितलं. म्हणून पुण्याच्या बाजूचा एक बनवणारा धरला. नाव लिहीत नाही. ट्रेलर त्यांनी उत्तम दिला, हे आधी कबूल करतो. पुढचं वाचताना ते लक्षात ठेवा.

त्यांच्याकडे एकाच मापाचे दोन प्रकार होते. एक हलका, एकूण वजन (ट्रेलर आणि आतला भार मिळून) ७५० किलोपर्यंत, ब्रेक नसलेला. दुसरा जड चासीचा, एकूण १२०० किलोचा, ओव्हररन ब्रेकवाला. म्हणजे पुढची गाडी थांबायला लागली की ट्रेलर तिला मागून ढकलतो, त्या ढकलण्यानेच जोडापाशी, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकतो तिथे, दांडा दाबला जातो आणि ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक लागतात. मी हिशोब केला. ट्राइक २९५ किलो. हलक्या ट्रेलरचं रिकामं वजन ते ३९० सांगत होते, पण त्यात माझा बाजूचा दरवाजा नाही, विंच नाही, जाड प्लायचा तळ नाही. हे धरलं की ७५० ची वेस गाठतेच. आणि घाट उतरताना ब्रेक नसलेलं पाऊण टन मागे घेऊन पुतण्याला बोलेरो चालवायला मी सांगणार नाही. जास्त पैसे मोजून ब्रेकवाला घेतला.

ट्रेलर आला तो ट्रकवर चढून, कारण बिननंबरचा ट्रेलर रस्त्यावर ओढत आणायचा नसतो. मार्केट यार्डाजवळ काट्यावर ट्रक ट्रेलरसकट तोलला, घरी उतरवल्यावर रिकामा ट्रक परत तोलला. फरक ४७० किलो. पावती जपून ठेवली. ड्रायव्हर म्हणाला, "उसाचा ट्रक हाय का काय, काका, एवढं काटेकोर?"

दोन आठवड्यांनी कागद आले. चासीवर खिळवलेल्या पाटीवर एकूण वजन १२००. फॉर्म २२ वर ७५०. रिकामं वजन पाटीवर कोरं, फॉर्मवर ३९०. म्हणजे त्यांनी हलक्या प्रकाराचा कागद काढून माझा चासी नंबर टाकला होता. बोळात ब्रेकवाला ट्रेलर, कागदावर बिनब्रेकचा.

मी बनवणाऱ्याकडे फोन केला. तिथलं पोरगं म्हणालं, "सर, चालतंय ते. इन्स्पेक्टर फक्त चासी नंबर बघतात."

चालत नाही हो. ४७० आणि २९५ किती होतात? ७६५. म्हणजे ह्या कागदावर नोंदणी झाली असती, तर माझा ट्रेलर पहिल्या फेरीपासून कायम ओव्हरलोड. रस्त्यात काही झालं तर विमा कंपनी पहिला तोच कागद काढणार. हे मी त्यांना सांगितलं. पावतीचा फोटो पाठवला, पाटीचा फोटो पाठवला, त्यांच्याच बिलावर 'ब्रेकसहित' लिहिलेल्या ओळीखाली लाल रेघ मारून पाठवली. उत्तर आलं: अंगठा. नुसता अंगठा.

मग सुरू झालं. "करेक्शन टाकलंय." "सिस्टिममध्ये आहे." "सहीवाले साहेब साइटवर आहेत." "साहेब आले होते, पण शिक्का दुसऱ्या ऑफिसात आहे." एकदा खरंच कागद आला, कुरिअरने, मी चष्मा शोधून घाईघाईने उघडला तर ७५० वर पेनाने काट मारून शेजारी १२०० लिहिलेलं आणि त्याला कुणीतरी आद्याक्षर केलेलं. असा कागद नोंदणीच्या खिडकीवर घेऊन गेलो असतो तर मलाच बनावट कागद करणारा ठरवला असता. परत फोन. आता फोनवरचं पोरगं वैतागलं. "सर, तुमचा शेवटचा हप्ता बाकी दिसतोय. तो क्लिअर केला की कागद लगेच."

हप्ता बाकी होता, कारण ठरलंच होतं तसं. शेवटचे पैसे पूर्ण आणि बरोबर कागद हातात आल्यावर, असं मी पहिल्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं होतं आणि त्यांनी 'ओके' म्हटलं होतं. मी ते त्यांना परत पाठवलं. त्यांचं म्हणणं पैसे द्या, कागद देतो. माझं म्हणणं कागद द्या, पैसे देतो. घरात बायको म्हणाली, देऊन टाका आणि मोकळे व्हा. मी नाही दिले. आज सांगतो, दिले असते तर मी अजून फोनच करत बसलो असतो.

दरम्यान जुलै लागला. कोयनेतून विसर्ग वाढल्याच्या बातम्या, सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर आयर्विनची पातळी. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. आमच्याकडे चाळिसाच्या अलीकडेच माणसं सामान वरच्या मजल्यावर न्यायला लागतात. आणि ज्या ट्रेलरवर मी पुरातून पळून जायची सगळी मदार ठेवली होती, तो नंबराअभावी बोळाबाहेर नेता येत नव्हता. बरं, ट्रेलर घट्ट बंद आहे, पाण्यात राहू दे, असंही नाही. उलट घट्ट आहे हीच पंचाईत. मी गणित केलं: तळाची लांबी-रुंदी धरली तर तळाच्या वर जेमतेम १३-१४ सेंटिमीटर पाणी चढलं की ट्राइकसकट सगळा डबा उचलला जातो. नाव होते त्याची, आणि बोळात ती कुणाच्या भिंतीवर जाईल सांगता येत नाही. मी ट्राइक ताईकडे विश्रामबागेत चालवत नेऊन ठेवली आणि रिकामा ट्रेलर वाड्याच्या खांबाला साखळदंडाने बांधला. त्या वेळी पाणी आमच्या बोळापर्यंत आलं नाही, हे नशीब. त्या फॉर्मवाल्यांची पुण्याई नव्हे.

शेवटी पुतण्याला घेऊन थेट त्यांच्या ऑफिसात गेलो. सहीवाले साहेब नव्हतेच. अकाउंट्समधल्या एका ताईंनी विचारलं, काका कशासाठी बसलाय? मी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. त्यांनी एकदा वाचलं, पाटीचा फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, "हे खोडून चालणारच नाही. दुसऱ्या मॉडेलचंच निघायला हवं होतं." उठल्या, आत जाऊन कुणाशी तरी चार शब्द बोलल्या, छापलेला नवा फॉर्म आणून ठेवला आणि म्हणाल्या, साहेब जेवून आले की पहिली सही ह्यावर. आणि झाली सही. चहा यायच्या आत! एवढे महिने काय अडलं होतं, ते मला आजही कळलेलं नाही. मी तिथेच बसून हप्त्याचे पैसे पाठवले आणि ताईंना पेढे द्यायचे राहिले म्हणून परतताना साताऱ्याला थांबून कंदी पेढे घेतले, कुरिअर केले. कुरिअर वेळेत पोचलं, हे विशेष.

पुढे नोंदणी विनाअडथळा झाली. ऑनलाइन अर्ज, फॉर्म २०, २१, २२, विमा, तपासणी, आणि एमएच-१० चा नंबर. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एवढंच लक्षात असू द्या की कायद्याने ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन, इंजिन नसलं तरी. त्याचा नंबर वेगळा, विमा वेगळा, आणि मागच्या बाजूला ओढणाऱ्या गाडीचा नंबरही दिसला पाहिजे.

आठवतंय तसं आणखी लिहितो. जोडावर येणारं वजन एकूण भाराच्या १० ते १५ टक्के हवं, नाहीतर वेग घेतला की ट्रेलर मागे झुलायला लागतो. ट्राइकचं जड टोक मागे असतं, त्यामुळे गाडी दिसते त्यापेक्षा जास्त पुढे उभी करावी लागते. मी जोडाखाली घरातला माणसं तोलायचा काटा ठेवून गाडी पुढे-मागे सरकवली, ९५ किलो आलं तिथे चाकांभोवती तळावर पिवळ्या रंगाने खुणा केल्या. पट्टे चाकांवरून घ्या, हँडलवरून ओढू नका. गाडी तीन चाकांवर स्वतः उभी असते, तिला आधार नको, फक्त सरकू द्यायची नाही. पट्ट्यांच्या कड्या चासीला बोल्ट केलेल्या हव्यात. प्लायला स्क्रूने बसवून देत असतील तर नको म्हणा.

पावसात भिजलेली गाडी तशीच आत कोंडलीत तर आठवड्यात नटांवर गंज दिसतो, म्हणून हवा खेळायला दोन झरोके घ्या, एक वर आणि एक अगदी खाली, कारण पेट्रोलची वाफ खाली साचते. खालच्या झरोक्याला बारीक तारेची जाळी आतून लावा. माझ्याकडे पहिल्याच महिन्यात उंदीर तिथूनच आत शिरला होता.