नाल्याच्या अलीकडे ३५ टक्के, पलीकडे २५

आमच्या गावाची आणि शेजारच्या शहराची हद्द एका नाल्यावर मिळते. नाल्याच्या पलीकडे, नगरपरिषदेच्या हद्दीत मी गाळा बघून ठेवला होता. शटर नवं, थ्री फेज मीटर आधीच बसवलेलं, समोर एसटीचा थांबा. जिल्हा उद्योग केंद्रातल्या निरीक्षकांनी माझ्या कागदावरचा पत्ता वाचला आणि विचारलं, "ताई, हे गावात येतं की शहरात?" मी जरा ऐटीतच म्हटलं, शहरात. ते म्हणाले, "मग दहा टक्के गेले की तुमचे."

ही २०२३ ची गोष्ट. मला शाळेच्या गणवेशांचं शिलाई युनिट टाकायचं होतं आणि अर्ज करायचा होता पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात. सगळे त्याला पीएमईजीपीच म्हणतात. योजना २००८ पासूनची आहे. उत्पादनाच्या उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो, सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा. खुल्या गटातल्या पुरुषाला शहरात प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान. स्त्रिया, मागासवर्गीय, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग अशांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५. स्वतःचे घालायचे पैसेही आम्हाला कमी, १० ऐवजी ५ टक्के. एवढं मी वाचून गेले होते. फक्त गाळा बघताना ते डोक्यात आलं नाही.

माझा प्रकल्प ९ लाख ५० हजारांचा. म्हणजे नाल्याच्या त्या बाजूला गेले तर ९५ हजारांचा फरक. घरी येऊन दोन रात्री हिशेब केला. गावात भाडं निम्मं होतं, पण थ्री फेजचं कनेक्शन नव्याने घ्यायला लागणार होतं आणि पावसाळ्यात रस्ता कसा होतो ते मला कुणी सांगायला नको. शेवटी तराजू झुकला तो वेगळ्याच गोष्टीने. ज्या सहाजणी माझ्याकडे कामाला येणार होत्या, त्या सगळ्या गावातल्या. दुपारी घरी जाऊन पोरांना जेवायला घालून परत येता येईल का, हा प्रत्येकीचा पहिला प्रश्न होता. गाळा सोडला. ग्रामसेवकांकडून ग्रामीण भागाचा दाखला घेतला.

नियम करणाऱ्यांना हेच हवं असावं, हे पुढे कळलं. लहान-मोठ्या कारखान्यांसाठी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, १९६४ पासून चालत आलेली. तिच्यात तर तालुक्यांचे गटच पाडलेत: अ, ब, क, ड आणि ड+. जिथे उद्योग आधीच दाटलेत तिथे सवलत कमी, जिथे नाहीत तिथे जास्त. आमचा तालुका कुठल्या गटात आहे ते निरीक्षकांनी भिंतीवरच्या तक्त्यात दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा मागास असल्याचा आनंद झाला.

दुसरी अडचण माझ्या घरातच होती. माझं एक जुनं शिलाई मशीन, ज्यावर मी बारा वर्षं ब्लाउज शिवले. योजना फक्त नव्या युनिटला आहे. चालू धंद्याला पहिलं कर्ज मिळत नाही. ओळखीतल्या एकाने आधीच सांगितलं होतं, "आधी उद्यम नोंदणी करून घ्या, बँकेवर छाप पडते." ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. ते ऐकून मी तिचा अर्ज उघडलाही होता. त्यात धंदा कधी सुरू झाला ती तारीख विचारतात. मी बारा वर्षांपूर्वीची टाकणार होते! निरीक्षकांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "तारीख पडली की तुम्ही स्वतःच लिहून दिलंत, युनिट जुनं आहे म्हणून. घरी ब्लाउज शिवता, त्याचं बिलबुक, नोंदणी, काही आहे? नाही ना? मग ते राहू द्या घरी." उद्यम नोंदणी मी युनिट सुरू झाल्यावर केली, सरकारी संकेतस्थळावर आणि फुकट. तिला पैसे लागत नाहीत. लागतात असं कुणी म्हणालं तर तुम्ही चुकीच्या पानावर आहात.

एजंटही भेटला. "सबसिडी पास करून देतो, माझे दहा टक्के." निवड एजंटच्या हातात नसते आणि या योजनेत मध्यस्थ नेमलेलाच नाही, हे मला तोवर कळलं होतं, म्हणून चहा पाजून पाठवून दिलं.

प्रकल्प अहवाल मी सीएकडून करून घेतला, पण आकडे माझे दिले. पाच शिलाईची मशीनं, दोन ओव्हरलॉक, एक काजाचं, कटिंग टेबल, वायरिंग. जागा विकत घेतली तर तिची किंमत प्रकल्पात धरत नाहीत; भाडं धरता येतं, तीन वर्षांपर्यंतचं. मशीनवाला म्हणत होता, "आत्ता ॲडव्हान्स द्या, भाव धरून ठेवतो." मंजुरीआधी केलेला खर्च नंतर दाखवता येत नाही, म्हणून फक्त कोटेशन घेतलं.

खेळतं भांडवल मी २ लाख ७० हजार लिहिलं. इथे एक बारीक गोष्ट आहे. ही रक्कम कॅश क्रेडिटमध्ये, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत काढता-भरता येणाऱ्या कर्जखात्यात मिळते आणि तीन वर्षांत एकदा तरी ती मर्यादा पूर्ण वापरलेली दिसावी लागते, सरासरी वापरही ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. नाहीतर त्या प्रमाणात अनुदान परत घेतात. फुगवून लिहिणाऱ्यांना हे उशिरा समजतं.

आता बँक. अर्ज ऑनलाइन गेला, उद्योग केंद्राने तपासून शाखेकडे पाठवला आणि तिथे झोपला. पहिल्या फेरीला साहेब रजेवर. दुसऱ्या फेरीला "टार्गेट संपलं". तिसऱ्या फेरीला घराचा उतारा मागितला, तारण म्हणून. दहा लाखांपर्यंतच्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या कर्जाला तारण मागायचं नाही असं तेव्हा रिझर्व्ह बँकेचं सांगणं होतं. विनातारण कर्जाची बँकेला हमी देणारी सीजीटीएमएसई नावाची व्यवस्था त्यासाठीच २००० पासून आहे. मी हे बोलून दाखवलं तेव्हा साहेबांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या खुर्चीवर बसले. मग मी एकच केलं. लेखी अर्ज दिला: कर्ज नाकारत असाल तर कारण लिहून द्या. पोच घेतली आणि तिची प्रत अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांना दिली. प्रत्येक जिल्ह्यात सगळ्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी एक अग्रणी बँक असते, त्या कार्यालयात हे अधिकारी बसतात, पण गावात हे फारसं कुणाला माहीत नसतं. पुढच्या आठवड्यात निरीक्षकांचा फोन आला: अर्जात पर्यायी शाखा लिहिली आहे, तिकडे वळवतो. त्या शाखेतल्या मॅडम स्वतः जागा बघायला आल्या, स्कूटीवर. वीस दिवसांत सँक्शन लेटर हातात.

मधल्या काळात दहा दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण. पाच लाखांवरच्या प्रकल्पाला ते तेवढं लागतं. हिशेबाच्या वहीचा भाग कामाचा निघाला, बाकी झोप आली.

मुख्य गैरसमज अनुदानाबद्दल असतो. माझ्या सासूबाईंना वाटत होतं, सरकार तीन लाख हातात देणार. तसं नाही. माझे ४७ हजार ५०० गेले, बँकेने उरलेले ९ लाख २ हजार ५०० कर्ज दिलं. अनुदानाचे ३ लाख ३२ हजार ५०० माझ्या नावाने बँकेत ठेव म्हणून तीन वर्षं पडून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, पण तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. युनिट तीन वर्षं चालू राहिलं तर ती रक्कम कर्जातून वजा होते. बंद पडलं तर परत जाते.

ते बंद पडायची वेळ आलीच होती. मी सगळा अहवाल जिल्हा परिषदेच्या शाळांच्या गणवेशांवर मांडला होता, आणि २०२४-२५ मध्ये राज्याने ते शिवायचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे दिलं. माझा कुठल्याच गटाशी संबंध नव्हता. पुढच्या वर्षी कापडाचा आणि शिलाईचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला, पण मधलं वर्ष दवाखान्यांचे ॲप्रन, खासगी क्लासचे टी-शर्ट आणि उशांचे अभ्रे शिवून काढलं. एकीचा पगार दोन महिने अर्धा दिला. तिने अजून बोलून दाखवलेलं नाही.

यंदा प्रत्यक्ष पडताळणी झाली. एक मुलगा टॅब घेऊन आला. बाहेर योजनेच्या नावाचा फलक लागतो, त्याचा फोटो काढला, कामगारांची नावं लिहिली, मग मशीनं मोजायला लागला. कागदावर आठ, खोलीत नऊ. त्याने परत मोजलं.

"हे नववं?"

कोपऱ्यातलं ते माझं जुनं. घरी जागा नव्हती म्हणून आणून ठेवलेलं.

"ते योजनेतलं नाही," मी म्हटलं. "ते घरचं आहे."

त्याने आठ लिहिले आणि सही मागितली.