खिळ्यावर टांगलेले घड्याळ

गेल्या वर्षी श्रावणात, पहाटे साडेचारच्या सुमारास, माझी आई न्हाणीघराच्या उंबरठ्याशी घसरून पडली आणि पावणेसातला दूधवाल्याने बेल वाजवेपर्यंत, म्हणजे सव्वादोन तास, तिथेच ओल्या फरशीवर पडून राहिली. आई 78 वर्षांची आहे, सांगलीला आमच्या जुन्या घरात एकटी राहते. खुबा शाबूत राहिला, पण डाव्या मनगटाचे हाड मोडले होते. त्या हातावर भार देता येत नव्हता आणि गुडघे आधीच आखडलेले, त्यामुळे उठण्याचे तिचे दोन-तीन प्रयत्न फसले. खुंटीवरचा पंचा उजव्या हाताने ओढून तिने तो पाठीखाली घेतला, कारण फरशी गार लागत होती. पडल्याबरोबर किंवा बटण दाबले की मला फोन लावणारे घड्याळ मी तिला त्याच वर्षी पाडव्याला दिले होते. ते त्या वेळी स्वयंपाकघरात, दिनदर्शिकेशेजारच्या खिळ्यावर टांगलेले होते.

मनगटाचे प्लास्टर निघाले, सूज उतरली. पण आईने नंतर सहज बोलता बोलता सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. साडेपाचला शेजारच्या काकू मागच्या बोळात पाणी भरायला आल्या होत्या. बादलीची कडी वाजलेली आईला स्पष्ट ऐकू आली, दोघींच्या मध्ये फक्त एक भिंत होती, आणि तरी आईने हाक मारली नाही. “का नाही मारलीस?” असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “अगं, सकाळी सकाळी कशाला लोकांची धावपळ? म्हटलं, थोड्या वेळाने जमेल उठायला.” जी बाई भिंतीपलीकडच्या माणसाला हाक मारत नाही, ती हातात घड्याळ असते तरी त्याचे बटण दाबती का, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

या प्रश्नावर अभ्यास झालेला आहे. जेन फ्लेमिंग आणि कॅरल ब्रेन या दोघींनी केंब्रिजमधल्या नव्वदी ओलांडलेल्या माणसांच्या पडण्याची वर्षभर नोंद ठेवली आणि 2008 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदतीसाठी अलार्म असूनही, एकटे असताना पडलेल्या आणि स्वतःहून उठू न शकलेल्यांपैकी सुमारे 80 टक्के लोकांनी तो वापरलाच नाही. काहींना त्याचा उपयोगच वाटत नव्हता, काहींना तो अंगावर ठेवायची सवय लागली नव्हती, आणि काहींनी तो जवळ असूनही समजून-उमजून दाबला नव्हता. हे वाचताना मला आमच्या मागच्या बोळातली बादली आठवली.

खाली पडून राहण्यात गेलेला वेळ हा पडण्याइतकाच गंभीर असतो, हे मला पूर्वी माहीत नव्हते. शरीराचा भार एकाच बाजूवर तासन्‌तास राहिला की दाबलेले स्नायू मरू लागतात आणि त्यांतून रक्तात उतरणारे द्रव्य मूत्रपिंडांना इजा करते. शिवाय शरीरातले पाणी कमी होते, कातडीवर दाबव्रण उठतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो. 1981 साली त्याच नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, तासाभराहून अधिक वेळ जमिनीवर राहिलेल्या वृद्धांपैकी निम्मे सहा महिन्यांच्या आत दगावल्याचे आढळले होते. ज्याला तासभर उठता येत नाही तो माणूस बहुधा आधीच खचलेला असतो, त्यामुळे हा सगळा दोष फरशीवरच्या त्या तासाचा नव्हे, हे मला समजते. पण आकडा वाचून पोटात गोळा येतो तो येतोच. आणि उठता न येण्यासाठी हाड मोडावेच लागते असेही नाही. अमेरिकेत मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली दाखवून दिले की पडून कोणतीही इजा न झालेल्या वृद्धांपैकीही जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी दुसऱ्याच्या मदतीशिवाय उठता आले नव्हते.

तेव्हा उपकरणाची गरज खरी आहे. आज मिळणाऱ्या घड्याळांत वेगातला बदल टिपणारा ॲक्सिलरोमीटर आणि वळणे-फिरणे टिपणारा जायरोस्कोप असतो. हात वेगाने खाली जाणे, मग जोराचा आदळा आणि त्यानंतरची निश्चलता, या क्रमावरून माणूस पडला असावा असे घड्याळ ठरवते. ॲपलने 2018 साली ही सोय आपल्या घड्याळात आणली आणि 65 वर्षांवरील (पुढे 55 वर्षांवरील) व्यक्तीने वय नोंदवले असेल तर ती आपोआप सुरू राहील अशी व्यवस्था केली; सुमारे मिनिटभर हालचाल झाली नाही तर घड्याळ स्वतःच मदतीला फोन लावते. आम्ही घेतलेले घड्याळ दुसऱ्या एका कंपनीचे होते. आईच्या भजनी मंडळात, गजर रंगात आलेला असताना, तिच्या टाळ्यांनाच ते पडणे समजले आणि सगळ्या बायकांसमोर जोरात वाजू लागले. भजन थांबले. कुणी पाणी आणले, कुणी तिला खुर्चीवर बसवले. बत्तीस वर्षे शाळेत शिकवलेल्या, अजूनही वाटेत भेटणारे विद्यार्थी जिला वाकून नमस्कार करतात अशा त्या बाईला त्या दुपारी काय वाटले असेल, याचा विचार मी फार उशिरा केला. घड्याळ खिळ्यावर गेले ते त्या संध्याकाळी.

आणि ते नसते गेले तरी काय झाले असते? रात्री ते चार्जिंगला लागायचे आणि अंघोळीला जाताना, पाण्याने बिघडेल म्हणून, ती ते काढून ठेवायची. म्हातारी माणसे पडतात कुठे, तर अनेकदा रात्री लघवीला उठताना, न्हाणीघरात, ओल्या फरशीवर, अंधारात. म्हणजे नेमक्या त्या वेळी हात मोकळा. त्यात आईने दाराला आतून कडी घातलेली होती. घड्याळाने मला ठाण्यात माझ्या घरी जागे केले असते आणि मी काकूंना फोनही केला असता, पण काकू आत शिरल्या कशा असत्या? त्या सकाळी त्यांच्या मुलाने परसातल्या खिडकीचे गज वाकवून आत उडी मारली. विकणाऱ्याने आम्हाला सगळे दाखवले होते, पण दाराच्या कडीबद्दल त्याने काही विचारले नाही, आणि आम्हालाही ते सुचले नाही.

प्लास्टर असताना मी महिनाभर आईजवळ राहिले. तेव्हा एकेक उलगडत गेले. त्याआधीच्या वर्षभरात ती तीनदा पडली होती. एकदा अंगणात तुळशीला पाणी घालताना, एकदा पायपुसण्यात पाय अडकून, आणि एकदा माळ्यावरचा डबा काढताना स्टुलावरून. दंडावरचा काळानिळा डाग मी दिवाळीत पाहिला होता. तो तिने “खाट लागली” म्हणून उडवून लावला होता. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशभरातल्या 72 हजारांहून अधिक माणसांच्या वृद्धत्वाचा जो मोठा अभ्यास केला, त्यात गेल्या दोन वर्षांत पडलात का, असाही प्रश्न होता. आईला कुणी तो विचारला असता, तर लेकीसमोर तिने ठामपणे ‘नाही’ म्हटले असते, याविषयी मला शंका नाही.

का लपवलेस, हे विचारायला मला धीर गोळा करावा लागला. उत्तर साधे होते. “सांगितलं असतं तर तुम्ही मला इथे राहू दिलं असतं का?” माझा भाऊ बंगळुरूला असतो. पहिल्या पडण्याची बातमी त्याला कळली असती, तर “आता घर बंद करायचं” हे वाक्य त्याच्याच तोंडून आले असते आणि मी मान डोलावली असती. आई पडण्याला भीत होतीच, पण घर सुटण्याला त्याहून अधिक भीत होती. ज्या घड्याळाला आम्ही तिची सोबत समजत होतो, ते तिच्या लेखी आमच्याकडे चहाडी करणारे यंत्र होते. तिने ते काढून ठेवले यात विसराळूपणा नव्हता आणि हट्टही नव्हता. आपले घर राखण्यासाठी तिच्या हातात तेवढेच होते.

म्हणून आम्ही भावाबहिणींनी आधी तिला शब्द दिला, आणि तो तिच्यासमोर बसून दिला, की केवळ पडलीस म्हणून घर बंद करण्याचा विषय कुणी काढणार नाही. बाकीची कामे त्यानंतर भराभर झाली. न्हाणीघरात आणि शौचालयात भिंतीला पकडायला दांडे बसवले, उंबरठ्याजवळ रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला, पायपुसणी काढून टाकली, कडीच्या जागी बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप बसवले आणि एक किल्ली काकूंकडे दिली. डॉक्टरांनी आईचा रक्तदाब आधी आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर मोजला. उभी राहताच तो बराच खाली येत होता, म्हणून त्यांनी गोळीची मात्रा आणि वेळ बदलली. इतकी वर्षे ती गोळी चालू होती आणि उभे करून रक्तदाब कुणी मोजलाच नव्हता, याची मला अजून चुटपुट लागते. फिजिओथेरपीच्या बाईंनी तिला पडल्यावर उठायचे कसे ते शिकवले: घाईने उठायचे नाही, आधी कुशीवर वळायचे, मग कोपरावर आणि गुडघ्यांवर यायचे, रांगत खुर्चीपर्यंत जायचे आणि खुर्चीला धरून उठायचे. सतरंजीवर याचा सराव करताना मी तिच्या शेजारी आडवी झाले होते.

उपकरणही आहे, पण ते आईने स्वतः निवडले. घड्याळ तिने नाकारले. पाण्याने न बिघडणारे, गळ्यात घालायचे बटण तिने घेतले, ते ती ब्लाउजच्या आत ठेवते आणि अंघोळीलाही काढत नाही. ते दाबले की पहिला फोन काकूंना जातो, मला नंतर. हा क्रम तिनेच लावला.

दिनदर्शिकेवर ती पूर्वीपासून दुधाचा हिशेब लिहिते. आता त्याच चौकटीत, पडली तर, कोपऱ्यात ‘प’ लिहायचा असे ठरले आहे. गेल्या महिन्यात एका सकाळी तिचा फोन आला. “काल भिंतीला धरून हळूहळू खाली बसले बघ, चक्कर आली म्हणून. लागलं काही नाही. याला पडणं म्हणायचं का गं?” असे हळूहळू घसरत खाली बसणे त्या घड्याळाला बहुधा कळलेही नसते. मी म्हणाले, म्हणायचं. “बरं, मग लिहिते,” असे म्हणून तिने फोन बाजूला ठेवला, आणि दोरीने बांधलेले पेन खिळ्यावरून काढल्याचा आवाज मला ऐकू आला.