कुऱ्हाडीचं नेढं

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण ज्याने केली तो झाडाच्या बाजूचा असणार. दांडा घालणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्या बिचाऱ्याइतकं अल्पायुषी लाकूड दुसरं नाही. पातं दोन-तीन पिढ्या टिकतं, दांडे येतात आणि जातात. माळ्यावर किंवा भंगारात जुनी कुऱ्हाड म्हणून जे सापडतं ते बहुधा नुसतं पातंच असतं. नेढ्यात मोडक्या दांड्याचं खुंट, त्यात ठोकलेले चार खिळे आणि फटीत कोंबलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी. आधीच्या मालकाचा स्वभाव त्या खिळ्यांवरून कळतो.

नेढं म्हणजे आरपार भोक. सुईला असतं, राजगडाच्या सुवेळा माचीवर खडकालाही आहे. कुऱ्हाडीचा सगळा संसार या भोकावर चालतो, आणि पारखणारा मात्र धारेवर अंगठा फिरवत बसतो. आधी नेढं पाहावं. कुऱ्हाडीच्या माथ्याने वर्षानुवर्षं खुंट्या ठोकल्या असतील तर ते चेपलेलं असतं. कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसली तर पातं कितीही देखणं असो, खाली ठेवावं. गेलेली धार परत येते, फाटलेलं नेढं घरी सांधता येत नाही.

जुनं खुंट काढायला पातं चुलीत टाकतात. लाकूड जळतं हे खरं, पण त्याबरोबर लोहाराने धारेला दिलेलं पाणी, म्हणजे तिचा कडकपणा, तोही उतरतो. पोलाद 300 अंशांच्या आसपास निळं पडतं, आणि धार निळी पडली की ती मऊ झाली असं समजावं. चुलीतले निखारे त्याहून कितीतरी जास्त तापलेले असतात. ग्राइंडरवर तर हे दोन सेकंदांत होतं, ठिणग्या छान उडत असतात आणि आपण खुशीत असतो. त्यापेक्षा दांडा पात्याच्या लगत करवतीने कापावा, खुंटात ड्रिलने पाच-सहा भोकं पाडावीत आणि खालून वर ठोकून ते बाहेर काढावं. नेढं वरच्या तोंडाशी जरा रुंद असतं, म्हणून खुंट तिकडूनच निघतं.

गंजाला पांढरं व्हिनेगर पुरतं. पातं बुडेल एवढं घ्यायचं, एक दिवस-रात्र ठेवायचं, मग तारेच्या ब्रशने घासून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचं आणि लगेच कोरडं करून तेल लावायचं. इथे आळस केला तर तासाभरात नारिंगी गंज पुन्हा हजर. व्हिनेगरमधून निघालेल्या पात्यावर कधी कधी धारेलगत गडद पट्टा दिसतो, बोट-दीड बोट रुंदीचा. पाणी दिलेला भाग तो. कानस तिथे घसरते, मागे मात्र लोखंडात रुतते. पट्टा संपत आला असेल तर घरी कितीही घासा, धार टिकायची नाही. ते काम लोहाराचं.

आता दांडा. धामण मिळाली तर दुसरं काही बघू नये, ती वाकते आणि परत सरळ होते. नाहीतर बाभूळ आहेच. साग दिसायला राजबिंडा, पण घाव सोसण्यात कच्चा. जातीपेक्षाही महत्त्वाचे रेषे. वखारीतली कापलेली पट्टी गुळगुळीत असते, पण करवत रेषे बघून चालत नाही. रेषे जिथे तिरके होऊन कडेला बाहेर पडतात, तिथेच दांडा एक दिवस मोडतो. म्हणून ओंडका पाचरीने फाडून घ्यावा, फाट आपोआप रेषेबरोबर जाते. साल तेव्हाच सोलावी, नाहीतर भुंगा लागतो. दोन्ही तोंडांना मेण लावून सावलीत निदान तीन-चार महिने वाळवावं. घाईने बसवलेला ओला दांडा वैशाखात आकसतो, आणि पातं हातभर वर उडण्याची वाट बघतं.

बसवणं म्हणजे खरी चिकाटी. नेढ्याच्या आतून काजळी फासायची, दांडा घालून काढायचा आणि जिथे काळं लागलं तेवढंच कानसायचं. पंधरा-वीस वेळा. नेढ्याची खालची कड धारदार असते, तीही गोल कानशीने मोडून घ्यावी, नाहीतर ती दांड्याचे रेषे कापत राहते. दांड्याच्या टोकाला नेढ्याच्या दोन-तृतीयांश खोलीइतकी चीर द्यावी. पातं चढवताना पात्यावर ठोकू नये. कुऱ्हाड उलटी, पातं खाली लोंबतं असं धरून दांड्याच्या बुडावर लाकडी हातोडा मारावा. पातं आपल्याच वजनाने जागेवर राहतं आणि दांडा त्यात शिरत जातो. नवख्याला ही जादू वाटते. मग सुकी लाकडी पाचर ठोकायची आणि वर पाव इंच लाकूड सोडून बाकीचं कापायचं. खिळा मात्र नको. पाचर दांड्याला नेढ्यात फुलवते, खिळा दांडा चिरतो.

पातं सैल झालं की कुऱ्हाड रात्रभर बादलीत ठेवतात. सकाळी पातं घट्ट होतं, पण फुगलेले रेषे लोखंडाशी दाबून चेपले जातात आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षाही बारीक होतात. दर बादलीगणिक सैलपणा वाढतो. बादलीऐवजी जवसाचं तेल वापरावं. ते लाकडात मुरून घट्ट होतं, शेंगदाण्याचं तेल नुसतं चिकट राहतं. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप तापून पेट घेते. दोरीवर पसरून वाळवावी. दांड्याला व्हार्निश नकोच. ते चमकतं आणि हाताला फोड आणतं.

धारेसाठी कागदाचा काटकोनी कोपरा तीन सारख्या घड्यांत दुमडावा, 30 अंशांचं माप तयार. झाड तोडायला दोन्ही बाजू मिळून एवढा कोन पुरे, जळण फोडायला थोडा जाड. कानशीने आकार, मग निसण्यावर पाणी घालून गोलाकार घासणं. बोथट कुऱ्हाड लाकडात न शिरता घसरते आणि नडगी गाठते. पायावर कुऱ्हाड मारून घेणं हा वाक्प्रचार फार काही अलंकारिक नाही.

हौस उरली असेल तर बुडाशी बोंड ठेवावं, घामेजल्या हातातून दांडा निसटत नाही. तापल्या सळईने फुटाफुटावर रेघ डागली तर जळण मोजायला वेगळी काठी लागत नाही. पात्याखाली पितळी कडी शोभते, ताकद मात्र वाढवत नाही.

पहिल्या दिवसाच्या कामानंतर पाचर पुन्हा एकदा ठोकावी. आणि खंडेनवमीला पुजलेल्या पात्यावर ओलं हळद-कुंकू रात्रभर राहिलं तर सकाळी तिथे गंजाचा ठिपका असतो. सोनं वाटायला बाहेर पडण्याआधी तेलाचा बोळा फिरवून जावं.