मध्यम होईल म्हणाले होते

"लॅब क्रॉस आहे ताई, लॅब्राडोरचा संकर, मध्यम होईल. वीस-बावीस किलो. फ्लॅटला काही त्रास नाही."

दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेत हे ऐकलं आणि कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू ओढणीत गुंडाळून नाशिकला आणलं. कपाळावर पांढरा टिपका, म्हणून टिप्या. आता तो अडीच वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या काट्यावर 43 किलो भरला.

बागवाल्यांना दोष देत नाही. त्याची आई तिथेच पॅकिंग शेडच्या सावलीत पडली होती. ती उठून माझ्याजवळ आली तेव्हा तिची पाठ माझ्या कमरेला लागली. सरळसरळ ग्रेट डेन, कुत्र्यांतली अवाढव्य जात. बाप कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं, "असेल एखादा लॅब" एवढंच. पण हातात पिल्लू होतं, ते माझी बांगडी चघळत होतं, आईकडे कोण बघतंय! क्रॉस म्हणजे दोघांच्या मधलं काहीतरी निघणार, असं मी धरून चालले होते. त्याच वेतातली टिप्याची बहीण 28 किलोवर थांबली. एका घरात दोन भाऊ सारखे निघत नाहीत, तसंच ते.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी पिल्लाचा पंजा उचलून माझ्या तळव्यावर ठेवला. म्हणाले, "हे मध्यम होणार नाही. चार महिन्यांचा झाला की वजन करा, त्याची दुप्पट धरा आणि वर थोडं टाका." चार महिन्यांचा टिप्या 18 किलो होता. त्या रात्री नवऱ्याने हिशेब केला आणि आम्ही दोघंही जरा वेळ गप्प बसलो.

कारण खर्च सगळा वजनावर असतो. जंताची गोळी दहा किलोला एक. गोचीड-पिसवांच्या गोळीचं पाकीट वजनाच्या गटाप्रमाणे, आणि वरच्या गटाचं महाग. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला गोचीड ताप आला, प्लेटलेट्स उतरल्या, चार आठवडे औषध चाललं. तेही किलोवर. नसबंदीची भूलसुद्धा किलोवर. सध्या खाणं आणि किरकोळ औषधं धरून महिन्याला सात-आठ हजार जातात, आजारपण वेगळं. वीस-बावीस किलोचा कुत्रा डोळ्यांसमोर ठेवून आम्ही जे बजेट मांडलं होतं ते पहिल्या वर्षीच कोलमडलं.

वाढीच्या वयात सल्लागार फार भेटतात. समोरच्या काकू रोज विचारायच्या, "कॅल्शियम देतेस ना? एवढी हाडं आहेत त्याची!" मलाही ते पटत होतं, बाटली आणूनही ठेवली. डॉक्टरांनी ती परत करायला लावली. मोठ्या हाडापेराच्या पिल्लाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम नीट अडवू शकत नाही, ते शोषलं जातं आणि हाडांची, सांध्यांची वाढ बिघडते. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी मिळणारं खाणं द्या, वरून काही नको आणि पिल्लू गुटगुटीत करू नका, इतकंच त्यांचं म्हणणं. माझ्या सासूबाईंना हे काही पटलं नाही. "पोराला उपाशी ठेवतेस," म्हणत त्या पोळीचा तुकडा टेबलाखाली सरकवायच्या. अजूनही सरकवतात.

वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत जिने नकोत, उड्या नकोत, हेही बजावलं होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, म्हणून निर्धास्त होतो. टिप्या सात महिन्यांचा असताना मे महिन्यात लिफ्ट बिघडली आणि नऊ दिवस बंद राहिली. दिवसातून चार वेळा, 30 किलोचं लांबलचक जनावर, चार पाय चार दिशांना. पुढचे पाय माझ्या खांद्यावर, मागची बाजू नवऱ्याच्या हातात, असं आम्ही दुसऱ्या मजल्यापर्यंत यायचो आणि टिप्या माझा कान चाटायला लागायचा. हसू आलं की पकड सुटायची. चौथ्या दिवसापासून वॉचमनदादा न बोलावता वर यायला लागले.

सोसायटीचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं. 12 मार्च 2024 ला केंद्राचं पत्र निघालं: आक्रमक म्हणून 23 प्रकारचे कुत्रे आणि त्यांचे क्रॉस यांच्या विक्रीला, पैदाशीला बंदी, ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नसबंदी करावी. दुसऱ्या दिवशी ते आमच्या ग्रुपवर. 'क्रॉस' हा शब्द कुणीतरी लाल गोल करून पाठवला होता. यादीत ग्रेट डेनचं नाव नव्हतं, पण बापाचं काय सांगणार? एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवलं. ते मात्र ग्रुपवर कुणी टाकलं नाही, मीच टाकलं. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्याची प्रत मी महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीचं कार्ड यांच्यासोबत एका फोल्डरमध्ये ठेवते. फोल्डर दोनदाच काढावं लागलं. लिफ्टमध्ये कुणी असेल तर आम्ही थांबतो, याचा उपयोग जास्त झाला.

एक धडा हाडावर बसलाय. पिल्लू आहे, शिकेल हळूहळू, म्हणत मी पट्ट्यावर चालायला शिकवणं लांबवलं. दहा-अकरा महिन्यांचा कुत्रा दिसतो घोड्याएवढा आणि डोकं असतं बालवाडीतलं. एका सकाळी गंगापूर रोडला मांजर आडवं गेलं. पट्टा मी मनगटाला गुंडाळला होता. मी आडवी, कोपर सोललेलं, मनगटाचं हाड तडकलेलं, आणि टिप्या मांजर सोडून परत येऊन माझ्या तोंडावर श्वास सोडत उभा. सहा आठवडे प्लास्टर. तेव्हापासून छातीवर कडी असलेला हार्नेस आहे आणि पट्टा गुंडाळायचा नाही, मुठीत धरायचा. हे सगळं तो 18 किलोचा असताना शिकवता आलं असतं.

आणखी एक, कारण हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून त्याला पीळ पडू शकतो. कुत्रा अस्वस्थ होतो, ओकायला बघतो पण काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताठ. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर जातो. म्हणून टिप्याचं जेवण दोन-तीन वेळा थोडं थोडं, जेवल्यावर तासभर पळापळ बंद. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, हे शोधून नंबर फ्रिजवर चिकटवलाय. अजून लागलेला नाही.

सुट्टीचं म्हणाल, तर रेल्वेत फर्स्ट एसीचा अख्खा कूपे, म्हणजे दोन बर्थची बंद खोली, मिळाला तरच तो सोबत येऊ शकतो, नाहीतर ब्रेकव्हॅनच्या, म्हणजे गार्डच्या डब्यातल्या पेटीत. पेटीत तो मावेल, पण मला झोप लागणार नाही. सुट्टीत कुत्रा ठेवून घेणाऱ्यांना फोन केला की पहिला प्रश्न वजनाचा आणि मग "दिवाळीत जागा नाही हो". यंदा नवरा पाडव्याला कोल्हापूरला जाऊन येईल, मी भाऊबीजेला. भावाला सांगितलंय, ओवाळून झालं की लगेच निघणार.